रीसेलचं घर घेताना मालकाने काय सांगितलं, काय दडवलं? अनुभव लिहा

ओवी: आईबाबांसाठी डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट बघतेय. एजंटचं एकच पालुपद, "मॅडम, घर आहे तसं घ्यायचं, नंतर मालकाला विचारायचं नाही." मला हे अजिबात पटत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, मालकाला ठाऊक असलेला पण आपल्याला नेहमीची काळजी घेऊनही दिसणार नाही असा घरातला किंवा मालकीहक्कातला मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं कायदाच म्हणतो. तुमच्या बाबतीत काय झालं?

ठाणेकर: आम्ही घर पाहिलं मे महिन्यात. ताजा रंग, बेडरूमच्या भिंतीला नवंकोरं प्लायवूडचं पॅनल. जुलैत ते पॅनल फुगलं. सुताराने उघडलं तर मागे काळीकुट्ट बुरशी, आणि प्लास्टरमध्ये जुन्या वॉटरप्रूफिंगच्या नळ्या तशाच खुपसलेल्या! मालक फोनवर म्हणाले, "आमच्या वेळी काही नव्हतं हो." सोसायटीच्या सेक्रेटरींनी फाइल काढली, तर त्यात मालकांच्याच सहीची गळतीची तक्रार. वकिलांच्या नोटिशीला ती प्रत जोडली आणि दुरुस्तीचे बरेचसे पैसे मिळाले. मालकाला माहीत होतं हे दाखवता येणं, सगळं तिथेच अडतं. म्हणून टोकन देण्याआधी सोसायटीतला पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्तं बघायला मागा. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली असेल तर तीही तिथेच कळते.

गोदाकाठ: नाशिकला वडिलोपार्जित घराचा व्यवहार ठरत आला होता. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड भावांच्या नावावर. बहिणीने हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा दस्त) दिलीय, असं तोंडी सांगत होते. कागद मागितला तर नोटरी केलेला, नोंदणी नाहीच. आम्ही तिथेच थांबलो. त्या ताईंना तर घर विकलं जातंय हेही माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

काळा कोट: वकिली करतो म्हणून दोन गोष्टी. कलम ५५ लागू होतं ते करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणून मसुद्यात "आहे त्या स्थितीत" दिसलं की सही करू नका, आधी वकिलाला दाखवून घ्या. दुसरं, नोंदणी झालेला दस्त तुम्हाला माहीत आहे असंच कायदा धरतो. घरात तिसरंच कोणी राहत असेल तर त्याच्या हक्काचंही तसंच. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी झालेल्या जुन्या दस्तांचा शोध, घ्याच.

सॅनहोजेवासी: कॅलिफोर्नियात मालक ठरलेला फॉर्म भरून सही करतो. छप्पर, पाणी शिरणं, विनापरवाना बांधकाम, शेजारच्या आवाजाचा त्रास, सगळं त्यात. तीन वर्षांत घरात कोणाचा मृत्यू झाला असेल तर तेही सांगावं लागतं. आमच्या मालकिणीने "गॅरेजमागची खोली परवान्याशिवाय" असं स्वतःहून लिहिलं होतं. तेवढ्यावर किंमत उतरली, आणि विश्वासही बसला.

पिंपळपार: इमारत नवी असेल तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, विसरू नका. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा. रीसेलने घेणाराही त्या कायद्यात खरेदीदारच.

ओवी: सगळ्यांचे मनापासून आभार. मसुद्यात आता गळती, थकबाकी, दावे आणि वारस यांबद्दल मालकांचं लेखी निवेदन घालायला सांगितलंय. एजंट कुरकुरतोय. मालकीणबाई मात्र "लिहून देते की" म्हणाल्या.