पहिला पाठ, सातवीचा वर्ग आणि 12 कोयते : तुमचेही अनुभव सांगा

काल धारूरच्या घाटात ऊसतोडीचे ट्रॅक्टर लागोपाठ चाललेले दिसले, ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, त्यावर पोरं, आणि 1998 सालचा माझा बीएडचा सराव पाठ आठवला. मी शहरातली, शाळा बीड जिल्ह्यातली, सातवी. गणित घातलं, एका टोळीत 12 कोयते, प्रत्येक मजुराला 2 भाकरी, तर भाकरी किती? पाठाच्या तयारीच्या टाचणात माझं उत्तर 24. अख्खा वर्ग म्हणला 48. परत करा म्हणलं तर परत 48! मग दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली, "मॅडम, कोयता म्हंजे जोडी असती, नवरा आन् बायको. एकट्याला अर्धा कोयता म्हंत्यात." फळ्यावरचं 24 मी हातानंच पुसलं. मागं बसलेल्या सरांनी वहीत लाल शाईनं लिहिलं, 'उत्तर मुलांचे बरोबर.' ती पोरगी दिवाळीनंतर आलीच नाही. हजेरी घेताना रोज तिच्या नावाशी थांबायचे मी.

—

काटा आला अंगावर ताई.

—

आमचं डीएड लातूरला, भूकंपानंतरच्या वर्षी. पाठ औसा तालुक्यात, पत्र्याच्या शेडमधी. कविता शिकवत होतो, बाहेरून ट्रक गेला, पत्रा थरथरला आणि सगळा वर्ग एका दमात बाहेर. मी आत एकटाच, हातात खडू. 30 सप्टेंबर 93 ला पहाटे 3:56 ला जे झालं ते लेकरांच्या कानात तसंच होतं. मग उरलेला तास लिंबाखाली घेतला, पुढचे पण सगळे तिथंच. निरीक्षक मॅडम काही बोलल्या नाहीत, त्या पण खाली बसल्या.

—

टाचणवही अजून आहे का तुमच्याकडं? माझी आईनं रद्दीत घातली, अजून जीव हळहळतो

—

मी आत्ताची, दोन वर्षांचं बीएड. इंटर्नशिप देगलूरकडं, सहावी. एक लेकरू दोन आठवडे तोंडच उघडत नव्हतं, मला वाटलं माझाच राग आलाय. जलचक्र शिकवताना पाण्याचं चित्र दाखवलं तर हळूच म्हणलं "नीळ्ळु". घरी तेलुगू बोलायचे ना! त्या दिवसापासून रोज एक शब्द मी त्याला, एक त्यानं मला.

—

देगलूरला कुठं होता? माझं सासर तिकडंच

—

ताई त्या पोरीचं पुढं काय झालं? आता हंगामी वसतिगृहं असतात, मायबाप गेले तरी लेकरं गावातच राहून शाळा करतात. आमच्या शाळेत आजीजवळ राहणारी पण आहेत.

—

माहीत नाही हो. टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात, तोवर माझे पाठ संपले होते. वही आहे, पहिल्याच पानावर तो लाल शेरा. फोटो टाकते, कुकर उतरवून येते.