मालक "ग्रीन करू" म्हणतात आणि एस्टिमेट आलं की माघार घेतात. काय करावं?

गोदाकाठ: मंडळी, मी नाशिकला आर्किटेक्ट आहे. सध्या 40 खोल्यांच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम हाती आहे. पहिल्या बैठकीत मालक हौसेने "सगळं ग्रीन करू" म्हणाले. एस्टिमेट हातात पडल्यावर पश्चिमेची ऊन अडवणारी जाळी, गच्चीचं इन्सुलेशन (उष्णता रोखणारा थर), सगळ्यावर काट मारली. मागच्या कामातही हेच झालं. तिथे मे महिन्यात वरच्या मजल्यावर दुपारी बसवत नाही, आणि मुली तिथेच अभ्यास करतात. फार लागतं मनाला.

विटकाम: ताई, जाळी आणि इन्सुलेशन "जादा कामे" म्हणून वेगळं दाखवलंत की कात्री तिथेच लागणार. मी ते मूळ बांधकामातच धरतो. त्याआधी बिनखर्चाचं पदरात पाडून घ्या. इमारतीच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो, पश्चिमेचं तिरपं ऊन त्याला जुमानत नाही. तिकडे जिना, बाथरूम टाका. जाळी आपोआप कमी लागते. रॅट ट्रॅप बाँड या विटा रचण्याच्या पद्धतीचाही विचार करा. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात, साधारण पाव भाग विटा वाचतात. गवंडी नवखा असेल तर आधी एक नमुना भिंत बांधून घ्या.

घरमालक_सातपूर: मी मालकाच्या बाजूने सांगतो. पर्यावरणाचं सगळं पटलं होतं, पण सही केली ती पंख्यांचा हिशोब पाहून. साधा पंखा 75 वॉटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण 30 चा. 40 पंखे रोज 15 तास चालले तर दिवसाला 27 युनिट वाचतात. वसतिगृहाचं बिल तेच भरणार ना? त्यांच्याच बिलातला दर लावून कागद पुढे ठेवा. फ्लॅट बांधून विकणाऱ्याला हे पटणार नाही, तिथे बिल दुसराच भरतो.

विटकाम: विकणाऱ्याला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण, पटतं. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत "गृह" (GRIHA) किंवा आयजीबीसी या ग्रीन इमारतींच्या रेटिंगनुसार 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय मिळतो. पण नकाशे मंजुरीला जाण्याआधी ठरवायला हवं, नंतर धावपळ होते.

गोदाकाठ: पंख्यांचा कागद आजच करते. जिना पश्चिमेला नेऊन नकाशाही पुन्हा काढते. आणि मागच्या वसतिगृहाच्या मालकांना विचारलं, ते हो म्हणाले. रविवारी दुपारी तीनला या मालकांना तिथल्या वरच्या मजल्यावर घेऊन जाते.