मदत हवी आहे : ओसीआय भावाचं नाव सातबाऱ्यावर कसं चढवायचं?

नमस्कार मंडळी. बाबा गेले, आता काटोलजवळच्या वावराची वारस नोंद करायची आहे. मी नागपुरात, दादा टोरांटोला. त्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हाच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारताचं गेलं. आता ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते. तलाठी म्हणतात, "परदेशी माणसाचं नाव चढत नाही." ओसीआयवाल्याला शेती विकत घेता येत नाही हे खरं, पण वारसाहक्कानं मिळते ना! तोंडी सांगून कोण ऐकतंय.

हक्कसोडपत्र करून मोकळे व्हा, असं सगळे सुचवतात. दादाला ते नको. मतदान गेलं, पासपोर्ट गेला, संत्र्याच्या बागेवर तरी नाव राहू दे म्हणतो. आंबिया बहराचे फोटो मागवतो आणि कोणत्या झाडाला पाणी कमी पडलं ते तिथून सांगतो बुवा!

कोणी ओसीआय वारसाचा फेरफार करून घेतलाय का? कोणती कागदपत्रं लावली? मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होईल, पण ते इथे आल्यावर मुद्रांकाला ३ महिनेच मिळतात, म्हणून आधीच विचारतेय. महसुलाच्या कामातला चांगला वकील माहीत असेल तर मेसेज करा.