सीजे-३बी जीप: शॅकल लांबवल्यावर थरथरणारं स्टिअरिंग
ग्राहकाला उंच जीप हवी म्हणून लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) आणि मोठे टायर टाकले, आता ताशी साठ किलोमीटरला स्टिअरिंग थरथरतंय, काय करू, असं एका मेकॅनिकनं विचारलंय. स्टिअरिंगचे झटके शोषणारा डॅम्पर इतक्यात लावू नका, त्यानं दुखणं नुसतं झाकलं जातं. या जीपची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांबवली की ॲक्सलची वरची बाजू पुढे कलते आणि मूळचा ३ अंशांचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (चाक ज्या खिळीवर वळतं तिचा) मागे असलेला कल, घटतो. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून किंगपिनचं वरचं टोक मागे झुकवा. पण त्याआधी चाक उचलून किंगपिन बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघा. असेल तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करा. बेलक्रँकची (स्टिअरिंगची हालचाल चाकांच्या दांड्यांपर्यंत नेणाऱ्या मधल्या तरफेची) पिन तर बहुतेक झिजलेलीच सापडेल. मूळचे ६.००-१६ टायर चढवून एक चक्कर मारा, टायरचा दोष किती ते कळेल.