मदत हवी आहे: फाउंड्रीत रनर-रायझरचं (ओतकामात कास्टिंगला जोडून उरणारा, तोडून काढायचा जादा धातू) मूल्य कसं धरता?

शिरोली एमआयडीसीतल्या कास्टिंग फाउंड्रीच्या ताळेबंदाचं काम चालू आहे. इंड एएस (आंतरराष्ट्रीय धर्तीची भारतीय लेखा मानकं) लागू नाही, म्हणून एएस 2 (साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक). सर्वसाधारण क्षमता महिना 500 टन, यंदा सरासरी 350. स्थिर कारखाना खर्च महिना 1 कोटी. 500 ने भागून टनाला 20,000 साठ्याच्या किमतीत, 350 टनांवर न बसलेले महिन्याचे उरलेले 30 लाख थेट नफा-तोट्यात. 350 ने भागलं तर टनाला 28,571 बसून मंदीचा तोटा साठ्यात लपतो. इथवर शंका नाही.

अडलंय रनर-रायझरवर. ते विकत नाहीत, परत भट्टीत जातात. स्क्रॅपचा खरेदी दर लावायचा, की चिकटलेली वाळू आणि मेल्टिंग लॉस (वितळवताना होणारी घट) वजा करून? धोरणाच्या टिपेत नुसतं ‘खर्च किंवा निव्वळ वसुली मूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येईल ती रक्कम), यातलं कमी’ पुरत नाही. फाउंड्रीची ऑडिट करणाऱ्यांनी नमुना वाक्य द्याल का?