ती माणसं खरंच दिसतात
काचबिंदू झालेल्या आजींना खोलीत अनोळखी माणसं दिसतात, म्हणजे भ्रमिष्टपणा सुरू झाला का, असं एकाने विचारलंय. तसंच असेल असं नाही. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बोनेट यांनी 1760 मध्ये मोतीबिंदू असलेल्या आपल्या आजोबांचे असेच अनुभव नोंदवले होते. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. नक्षी, चेहरे, छोटी माणसं. पण ती बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे बहुधा त्या व्यक्तीला कळतं. वेडं ठरवतील या भीतीने कितीतरी वृद्ध हे लपवतात, याचं फार वाईट वाटतं. दिवा लावणं, नजर झपाझप डावी-उजवीकडे फिरवणं याने कधीकधी चित्र जातं. आवाजही येत असतील किंवा आजींना ती माणसं खरी वाटत असतील, तर कारण वेगळं असू शकतं. डॉक्टरांना लवकर दाखवा.