अवघड गेममधला तुमचा पहिला अडसर कोणता, आणि तो कसा सुटला?

धागा काढायचं कारण माझा धाकटा मावसभाऊ. एल्डन रिंग घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोन, दादा हे मला जमत नाही, विकून टाकू का. कुठे अडलास विचारलं तर म्हणे बाहेर पडल्या पडल्या तो सोनेरी घोडेस्वार मारतो. अरे त्याला वळसा घालून पुढे जायचं! पण हे कुणी सांगत नाही, २०२२ मध्ये मीही त्याच्यापायी दोन संध्याकाळी घालवल्या. तेव्हा येऊ द्या अनुभव, जरा सविस्तर लिहा.

—

सेकिरो गेम, त्यातला गेनिचिरो हा बॉस (म्हणजे मोठा शत्रू), तीन आठवडे. मी आधी डार्क सोल्स खेळलेली, त्यामुळे सवय अशी की वार आला की लोळायचं आणि लांब जाऊन औषध प्यायचं. इथे लांब गेलं की तो धनुष्य काढतो आणि तेवढ्यात त्याचा पोस्चर बार (तोल किती ढळलाय ते दाखवणारी पट्टी, भरली की निर्णायक वार करता येतो) उतरतो, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. मग एक दिवस ठरवलं, आज जिंकायचंच नाही, फक्त त्याच्या तलवारीकडे बघायचं आणि एल१ (वार अडवायचं बटण) दाबायचं. पडक्या देवळापाशी हानबेई असतो ना, तो मरतच नाही, त्याच्याशी आधी अर्धा तास सराव. एल१ सारखं सारखं दाबलं तर डिफ्लेक्टला, म्हणजे नेमक्या क्षणी वार परतवायला, मिळणारा वेळ अजून कमी होतो हे कळलं तेव्हा कुठे हात शांत झाला. नीट लागलं की ठण्णकन आवाज येतो आणि ठिणगी उडते, तो आवाज सलग पाच-सहा वेळा आला की समजायचं, सूर लागला. आणि आधी त्याची हेल्थ थोडी उतरवा, मग पोस्चर बार उतरायला वेळ लागतो. शेवटी तो वीज टाकतो, ती उडी मारून हवेतच अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत त्याच्यावरच परत फेकायची. मला जमलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, मी कधी उभी राहिले तेच कळलं नाही.

—

वर औषधाचं लिहिलंय त्याला अगदी अगदी. ब्लडबॉर्नमध्येही तेच, मार बसल्यावर मागे सरू नका, लगेच उलटा वार केला तर गेलेलं रक्त थोडंफार परत मिळतं. त्यातल्या यार्नम शहरात शेकोटीपाशी घोळका असतो तिथे मी रोज मरायचो, मग खडा मारून एकेकाला कोपऱ्यात बोलवायला लागलो. आणि लेव्हल वाढवता येत नाही म्हणून घाबरू नका, पहिला बॉस नुसता दिसला तरी इनसाइट नावाचा गुण मिळतो आणि मग लेव्हल वाढवून देणारी बाहुली जागी होते.

—

डार्क सोल्स, २०११ चा. पहिल्याच राक्षसाशी तुटक्या तलवारीने भांडत बसलो, डावीकडे पळून जायला दार आहे हे दिसलंच नाही. पुढे फायरलिंक या मुक्कामाच्या जागी कबरस्तानातल्या सांगाड्यांत शिरलो, तिथेही रस्ता चुकलेलाच. वरच्या बाजूला जा.

—

धागाकर्ता परत. मावसभावाला सगळं वाचून दाखवलं. घोडेस्वाराला सोडून तो आधी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला फिरून आला, हत्यार वाढवलं, आणि काल मार्गिट या बॉसपर्यंत पोचला. एकोणीस वेळा मेला म्हणे. पण या वेळचा फोन गेम विकू का विचारायला नव्हता, मार्गिट काठी वर उगारून थांबतो तेव्हा लोळायच्या आधी किती मोजायचं, ते विचारत होता.